चिप कधी मातीत, कधी ग्रीनपलीकडे

प्रश्न : गोल्फमध्ये ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) काठावरून चिप (होलकडे मारलेला छोटा फटका) मारताना कधी चेंडूमागची माती उकरली जाते, तर कधी चेंडू सपाट सुटून पलीकडे जातो. मी सँड वेजच (तोंडाला जास्त उतार असलेला क्लब) वापरतो. काय चुकतंय? (एक वाचक, येरवडा)

उत्तर : दोन्ही चुकांचं मूळ बहुधा एकच. चेंडू 'उचलायला' जाता, वजन मागच्या पायावर राहतं आणि क्लब चेंडूच्या आधीच तळ गाठतो. उचलण्याचं काम क्लबच्या तोंडाच्या उताराचं, तुमचं नव्हे! पावलांत जेमतेम वीतभर अंतर, साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायावर, आणि ते शेवटपर्यंत तिथंच. सरावाला चेंडूमागे वीतभरावर टॉवेलची घडी ठेवा. क्लब टॉवेलला लागला की चूक तिथंच कळते.

सँड वेजचा हट्टही सोडा. चेंडू ग्रीनबाहेर दोन पावलं आणि होल एकूण बारा पावलांवर असेल, तर 8 नंबरचं आयर्न (कमी उताराचा क्लब, चेंडू जास्त घरंगळतो) घ्या: ढोबळमानाने तीन पावलं हवेत, नऊ घरंगळत. पुण्याच्या पावसाळ्यात मात्र ओल्या ग्रीनवर चेंडू कमी घरंगळतो, तेव्हा चेंडू टेकण्याची जागा होलकडे थोडी पुढे धरा. जमीन मऊ असेल तर हात फार पुढे दाबू नका, क्लबची धार रुतते.