सगळे सांभाळणाऱ्याने एक विषय कसा निवडावा?

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत तुम्ही सात वर्षे आयटी विभाग एकट्याने सांभाळत आहात. प्रिंटरपासून ईआरपीपर्यंत (साठा, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) सगळे तुमच्याकडे असूनही पुण्यातील मुलाखतींत ‘तुमचा मुख्य विषय कोणता?’ या प्रश्नाशी गाडी अडते, आणि म्हणून दीड लाख रुपये भरून सायबर सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा कोर्स करावा का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे, की हे पैसे आत्ता भरू नयेत. सायबर सिक्युरिटी हे क्षेत्र उत्तम आहे, परंतु त्यातील सीआयएसएसपी या नावाजलेल्या प्रमाणपत्रासाठी परीक्षेबरोबरच ठरलेल्या आठ विषयांपैकी किमान दोन विषयांत पाच वर्षांचा अनुभव मागितला जातो, आणि योग्य पदवी असल्यास त्यातले फार तर एक वर्ष माफ होते. सहा महिन्यांच्या वर्गाने ही उणीव भरून निघत नाही.

तुमच्या पत्रातील एका वाक्याकडे मात्र तुमचेच लक्ष गेलेले दिसत नाही. महिनाअखेरीस साठ्याचा रिपोर्ट चाळीस मिनिटे घेतो, तेव्हा तुम्ही रात्री थांबून सर्व्हर रीस्टार्ट करता. रीस्टार्टने अडकलेली कनेक्शन सुटतात, म्हणून तात्पुरते बरे वाटते. मूळ कारण तसेच राहते. तुमची ईआरपी पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालते. त्या डेटाची प्रत वेगळ्या मशीनवर घेऊन त्या रिपोर्टची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला माहिती मागणारी आज्ञा, ‘एक्स्प्लेन अॅनलाइझ’ हा पोस्टग्रेसचा तपासणी आदेश लावून चालवा. कुठल्या टप्प्यावर किती वेळ गेला, मोजक्या नोंदींसाठी संपूर्ण टेबल (नोंदींचा तक्ता) वाचले जात आहे का, डेटाबेसने धरलेला नोंदींचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांत किती तफावत आहे, हे सारे तेथे दिसते. लगेच इंडेक्स (नोंदी चटकन शोधून देणारी सूची) लावण्याची घाई मात्र करू नका, कारण टेबलातील बहुतेक नोंदी लागणारच असतील, तर संपूर्ण टेबल वाचणेच स्वस्त पडते. हा फरक ओळखता येऊ लागला, की तुम्ही डेटाबेसचे जाणकार होऊ लागलात असे मी म्हणेन. हे शिकण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि अडचण तर तुमच्या टेबलावर आयती पडलेली आहे.

निवडलेला विषय उद्या कालबाह्य झाला तर, ही तुमची भीती रास्त आहे. तथापि पोस्टग्रेससारख्या, माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसचा पाया एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडला आणि पोस्टग्रेसचे काम बर्कली येथे 1986 मध्ये सुरू झाले. इतका टिकलेला विषय नोकरीच्या उरलेल्या वर्षांत वाया जाण्याची शक्यता मला कमी वाटते.

पुढील आठ-दहा महिने नोकरी न सोडता क्वेरीचा वेग, बॅकअप आणि रेप्लिकेशन (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर सतत ताजी ठेवणे) यांवरच भर द्या. बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असे समजू नका. दर महिन्याला तो दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष रिस्टोअर करा आणि त्यास लागलेला वेळ लिहून ठेवा. बायोडेटात पंधरा कौशल्यांच्या यादीऐवजी अशी दोन-तीन कामे आकड्यांसह आली, तर मुलाखत घेणाऱ्याला विचारण्यासारखे काही मिळते. नेटवर्क आणि लिनक्सचे तुमचे ज्ञानही येथे उपयोगी पडते, कारण डेटाबेस संथ असल्याची तक्रार पुष्कळदा डिस्कपाशी किंवा नेटवर्कपाशी जाऊन थांबते.

एक गोष्ट घरी आधीच बोलून ठेवा. आज तुमच्या नावापुढे ‘आयटी मॅनेजर’ आहे. नव्या ठिकाणी कदाचित नुसते ‘डेटाबेस इंजिनिअर’ असेल, आणि पहिल्या वर्षी पुण्यातील घरभाडे वजा जाता हातात आजच्याइतकीच रक्कम उरेल.