जादा शिकवायचं कुणी? पालक-शिक्षकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलगा चौथीत आहे, गणितात मागे पडलाय. बाई दर वेळी ‘घरी लक्ष द्या’ एवढंच सांगतात. आम्ही दोघंही नोकरीला. ‘शाळेतच थोडं जास्त शिकवा’ म्हटलं, तर ‘एकट्यासाठी कसं जमेल?’ म्हणून तुटक बोलल्या. आता त्यांच्यासमोर जायलाही नको वाटतं. – एक आई, सांगली

उत्तर : तुमची मागणी मुळीच गैर नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २४ वं कलम सांगतं, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. पालकांना नियमित भेटून प्रगती सांगणंही त्यातच येतं. पण पहिल्याच भेटीत कलम काढलंत तर बोलणं तिथेच संपेल. आधी वही काढा.

चौथीच्या वह्यांत हमखास सापडणारी एक चूक सांगते. ४०२ − १७८ चं उत्तर मूल ३७६ लिहितं. बाई लाल रेघ मारून ‘लक्ष नाही’ असा शेरा देतात, घरी आई ‘पाढे पाठ कर’ म्हणून मागे लागते. दोघींचंही निदान चुकतं. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय : आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. लक्ष पुरेपूर आहे, हातचा का घ्यायचा तेच कळलेलं नाही, आणि मधलं शून्य आणखी गोंधळात टाकतं. त्याला शंभराची नोट मोडून दहाच्या नोटा आणि दहाची मोडून सुटे रुपये करून दाखवायला हवेत. रोज दहा मिनिटं, काही आठवडे. एवढं वर्गातही होतं आणि घरीही.

म्हणून शाळा सुटताना फाटकाशी गाठू नका, रीतसर वेळ मागून घ्या. विचारा, ‘बाई, नेमकं कुठे अडतंय? तुम्ही काय कराल, आम्ही काय करू?’ ‘गणित कच्चं आहे’ एवढ्यावर उठू नका. ठरेल ते डायरीत लिहा, महिन्याने पुन्हा भेटा. काहीच हललं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आणि त्यात कलमाचा उल्लेख जरूर करा.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुसरीतल्या एका मुलीला वाचता येत नाही, म्हणून सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेते. परवा तिचे वडील आले : ‘आमची पोरगी ढ आहे का? सगळी वाडी नावं ठेवते.’ चांगलं करायला जावं तर हे ऐकायचं? – एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, तुमची तळमळ पत्रात दिसते. तरीही या बाबतीत मी वडिलांच्या बाजूची आहे. सुटल्यावर थांबवणं ही आपल्याकडे शिक्षा समजली जाते. मैत्रिणी दप्तर पाठीला लावून पळतात आणि ही एकटी बाकावर. आधी घरी सांगितलं होतं, असंही पत्रात कुठे नाही.

तिची मदत शाळेच्या वेळेतच बसवा. बाकीचे लेखन करत असताना चार-पाच मुलांना जवळ घ्या, त्यात चांगलं वाचणारं एखादं मूल मुद्दाम ठेवा, म्हणजे तो ‘ढ मुलांचा गट’ होणार नाही. दोन वर्ग एकत्र सांभाळत असाल तर हे अवघड आहे, मला कल्पना आहे. पण आठवड्यातून तीन दिवससुद्धा फरक पडतो. वडिलांना बोलवा आणि तिला काय येतं तिथून सुरुवात करा : ‘ती “कमल” वाचते, “कमाल”ला थांबते. अक्षरं पक्की आहेत, काना-वेलांटी राहिली आहे.’ हे ऐकल्यावर भांडायला आलेला बापही खाली बसतो.

प्रश्न : वर्गशिक्षकच म्हणतात, ‘माझ्याकडे शिकवणी लावा, मग सुधारेल.’ नाही म्हटलं तर मुलावर राग निघेल का? – एक पालक, ठाणे

उत्तर : नाही म्हणा. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. भीती वाटत असेल तर एकट्याने जाऊ नका. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांच्यामार्फत विषय मांडा.

प्रश्न : पाचवीतल्या मुलाची अध्ययन अक्षमतेसाठी चाचणी करा, असं बाईंनी सुचवलं. सासूबाई भडकल्या : ‘पोराला वेडं ठरवताय!’ – एक आई, मुंबई

उत्तर : बाईंनी तुमच्यावर उपकार केलेत. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे, तर बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडखळणं, हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. त्यांनाही सोबत न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. आठ वर्षांच्या आत सहसा पक्कं निदान करत नाहीत, तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे आहे, तेव्हा थांबू नका. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात चाचणीची सोय आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. जाताना मागच्या दोन वर्षांच्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं बरोबर ठेवा, आणि बाईंना काय काय जाणवलं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.