ॲनी ओंड्राचा आवाज गेला तो फक्त इंग्रजीतला

तुमचा प्रश्न असा आहे: हिचकॉकच्या 'ब्लॅकमेल'मधली नायिका ॲनी ओंड्रा पडद्यावर इतकी छान दिसते, पण ऐकू येणारा आवाज तिचा नाही. मग बोलपट आले आणि तिची कारकीर्द संपली, हे खरं का? पुढे तिचं काय झालं?

संपली नाही. हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी वाचला आहे की जरा सविस्तरच लिहितो. 'ब्लॅकमेल'पाशी तिची गोष्ट थांबवणारे बहुतेक जण फक्त इंग्रजी सिनेमाच्या बाजूने बघतात. प्राग आणि बर्लिनच्या बाजूने पाहिलं तर चित्र पार उलटं दिसतं.

ॲनी १९०२ साली टार्नूफ इथे जन्मली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. वडील त्या साम्राज्याच्या सैन्यात अधिकारी, घर चेक. चेक लोक तिला ओंड्राकोवा म्हणूनच ओळखतात. वाढली प्रागमध्ये, आणि वयाच्या विशीच्या आत आधी रंगभूमीवर, मग मूकपटांत आली. तिथे तिला कारेल लामाच भेटला. तो नट, दिग्दर्शक आणि अनेक वर्षं तिचा जोडीदार. लामाच, ॲनी, छायालेखक ओटो हेलर आणि लेखक वात्स्लाव वासरमन या चौघांना चेक सिनेमाच्या इतिहासात 'बलवान चौकडी' म्हणतात. (हा हेलर पुढे नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडला गेला आणि 'द लेडीकिलर्स', 'पीपिंग टॉम' हे चित्रपट त्याच्याच कॅमेऱ्याने टिपले. त्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.)

ॲनीची खरी ताकद विनोदात होती. मोठे डोळे, सोनेरी कुरळे केस, आणि अंग असं की पडणं, धडपडणं, खिडकीतून उडी मारणं सगळं सहज यायचं. त्या काळात सुंदर नायिकेने असा धसमुसळा विनोद करणं फार दिसत नसे. ती मात्र सुंदरही दिसायची आणि हसवायचीही.

आता 'ब्लॅकमेल'. १९२९ साली तिने हिचकॉककडे दोन चित्रपट केले. पहिला 'द मॅन्क्समन', हा पूर्ण मूकपट. दुसरा 'ब्लॅकमेल'. तोही मूकपट म्हणूनच सुरू झाला होता, पण मध्येच ध्वनियंत्रणा आली आणि बराच भाग आवाजासह पुन्हा चित्रित करायचं ठरलं. अडचण एकच होती. कथेतली ॲलिस ही लंडनमधल्या चेल्सीच्या एका तंबाखू-वर्तमानपत्रवाल्याची मुलगी, आणि ॲनीच्या इंग्रजीला चेक वळण. मूकपटात हे कुणाला कळलं नसतं. बोलपटात पहिल्याच वाक्याला कळलं असतं.

आज आपण म्हणू, डबिंग करा. पण चित्रीकरणानंतर आवाज बदलून बसवण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती. म्हणून जोन बॅरी ही इंग्लिश अभिनेत्री चौकटीच्या बाहेर मायक्रोफोनपाशी उभी राहून संवाद बोलायची आणि ॲनी कॅमेऱ्यासमोर त्याच क्षणी नुसते ओठ हलवायची. आपल्या पार्श्वगायनात गाणं आधी तयार असतं, नटी ते ऐकत, सराव करून ओठ जुळवते. इथे दोघी एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. एकीने श्वास कुठे घेतला हे दुसरीला कळलं पाहिजे. ॲनीच्या काही हालचाली किंचित अडखळल्यासारख्या वाटतात त्याचं कारण हे आहे, आणि तरीही ती भूमिका उभी राहते याचं श्रेय मी तिलाच देतो. जोन बॅरीचं नाव श्रेयनामावलीत आलंच नाही. तिच्यावरही अन्याय झाला, असं मला मनापासून वाटतं. दोन वर्षांनी ती हिचकॉकच्याच 'रिच अँड स्ट्रेंज'मध्ये नायिका झाली, स्वतःच्या चेहऱ्याने आणि स्वतःच्या आवाजाने.

इंग्लंडचं दार असं बंद झालं. पण चेक आणि जर्मन या दोन्ही भाषा ॲनीला येत होत्या, आणि मध्य युरोपात त्या दोन भाषा म्हणजे मोठा बाजार. १९३० मध्ये तिने आणि लामाचने बर्लिनमध्ये दोघांच्या नावाने कंपनी काढली आणि बोलपटांचा सपाटा लावला. ती त्यांत बोलली, गायली, नाचली. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात एकच चित्रपट दोन-तीन भाषांत वेगवेगळा चित्रित करायची रीत होती. आपल्याकडे प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदीत केला, तीच पद्धत. विनोदवीर व्लास्ता बुरिआनबरोबरचा ॲनीचा १९३१ चा 'तो आणि त्याची बहीण' असाच चेक आणि जर्मन अशा दोन्ही रूपांत निघाला. म्हणजे जिला 'बोलपटात न चालणारी' म्हणतात, ती नटी प्रत्यक्षात दोन भाषांतली बोलपट-तारका होती.

१९३३ च्या जुलैमध्ये तिने माक्स श्मेलिंगशी लग्न केलं. श्मेलिंग म्हणजे हेवीवेट मुष्टियोद्धा, माजी जगज्जेता. १९३६ मध्ये त्याने अमेरिकन मुष्टियोद्धा जो लुईसला हरवलं आणि नाझी राजवटीने या जोडप्याला प्रचारासाठी मिरवलं. हिटलरबरोबरची त्यांची छायाचित्रं आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याच श्मेलिंगने आपला ज्यू मॅनेजर सोडायला नकार दिला आणि १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हिंसाचारात दोन ज्यू मुलांना आसरा दिला, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच त्या घराकडे बघावं लागतं. एक बाजू गाळून लिहिलेले लेख मला पटत नाहीत.

लग्नानंतर तिचे चित्रपट हळूहळू कमी झाले. युद्धानंतर जवळपास नाहीच, १९५१ मध्ये एक मुख्य भूमिका आणि १९५७ मध्ये एक छोटीशी झलक. दोघं हँबुर्गजवळ होलेनश्टेट गावात राहिली. १९८७ च्या फेब्रुवारीत ती गेली. संसार साडेत्रेपन्न वर्षांचा झाला. श्मेलिंग २००५ मध्ये गेला, त्याला तिच्याच शेजारी पुरलं आहे.

पाहायचं कुठून सुरू करावं? 'ब्लॅकमेल'च्या वेळी हिचकॉकने तिची आवाजाची चाचणी घेतली होती, ती जेमतेम मिनिटभराची फीत टिकून आहे. तो तिला चावट प्रश्न विचारून भंडावतो, ती लाजते, तोंड फिरवून हसते, मध्येच उत्तर देते. तो आवाज तिचा स्वतःचा, इंग्रजीतला. ऐका, वळण आहे, पण गोड आहे. मग चित्रपट लावा आणि ॲलिसच्या हातून सुरीने झालेल्या खुनानंतरच्या सकाळचा न्याहारीचा प्रसंग नीट बघा. शेजारीण बडबडत असते आणि त्या बडबडीतून हळूहळू 'सुरी' हा एकच शब्द ऐकू येत राहतो. ॲलिस तिथे फारसं बोलतच नाही. फक्त तिचे डोळे आणि पाव कापायला निघालेला हात.