नारळ चालतो, मानकुराद नाही

म्हार्दोळ,
श्रावणातला दुसरा सोमवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा आमच्या दारापुढच्या बाल्कांवावर बसून चहा गार होईपर्यंत तू पोर्तुगालच्या तिकिटाचं, बॅगेच्या वजनाचं आणि युरो किती न्यावेत याचं विचारत होतास. निघताना, चपला घालता घालता, हळूच एक विचारलंस: "बाई, आत्याकडे किती दिवस राहिलं तर बरं दिसेल?" इतका वेळ तू तेवढंच विचारायला बसला होतास, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण तुझे बाबा गेटाबाहेर स्कूटर चालू करून उभे होते आणि आत्या त्यांची सख्खी बहीण. म्हणून "बघू रे" म्हणून टाळलं. आता लिहिते.

तीन महिने. लिस्बनला पोचल्यावर पहिल्याच रविवारी, जेवणं झाली की, आत्या आणि तिचे यजमान दोघंही समोर असताना हे स्वतःच्या तोंडाने सांगून टाक. आत्या रागावेल, "हे काय परक्यासारखं" म्हणेल. म्हणू दे. यजमान काही बोलणार नाहीत, पण त्या रात्री त्यांना शांत झोप लागेल. घर आत्याचं आहे असं तुम्ही सगळे इथे बसून म्हणता, त्याचं बँकेचं कर्ज मात्र ते फेडतायत.

मी 1999 च्या नोव्हेंबरात मामाकडे लिस्बनजवळच्या आमादोराला उतरले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली लाकडं पेटलेली असायची; ऊन पाणी हवं तितकं घ्या. मामाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा गीझर होता, तिथे त्याला एश्केंतादोर म्हणतात. नळ सोडला की आत भप्प करून निळी ज्योत पेटायची. खाली 13 किलोची टाकी, बोतीजा. मी गेल्याच्या तिसऱ्या शनिवारी केस धुवायला गेले. बाहेर थंडी, अंगावर गरम पाणी, मी आपली उभीच. साबणाचा फेस डोक्यावर असताना पाणी एकदम बर्फ झालं. टाकी संपली होती, दुकान बंद झालं होतं, रविवारी मिळायची नाही. मामी एक शब्द बोलली नाही. उलट तिने मला आल्याचा चहा करून दिला.

दोन आठवड्यांनी आईचा फोन. म्हणाली, "अगो, तिथे गॅस महाग असतो म्हणे, जरा जपून आंघोळ कर." मामीने कवळ्याच्या तिच्या बहिणीला सांगितलं होतं, बहिणीने म्हाळसेच्या देवळात आईला गाठलं होतं. मामीच्या आणि माझ्या खोलीमध्ये वीतभर जाडीची भिंत, पण ती गोष्ट गोव्याला जाऊन परत आली तेव्हा मला कळली. येता येता ती चांगली फुगलीही होती. देवळात ती एका टाकीच्या तीन टाक्या झाली होती. मामीचा मला राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण आज वाटतं, बाईने बोलावं तरी कसं? नवऱ्याच्या भाचीला "आंघोळ आवर" म्हणणं आपल्यात बसतं का?

म्हणून तूच आधी विचार. गरम पाणी किती वेळ, धुण्याचं मशीन कुठल्या दिवशी, फ्रिजमधला कुठला कप्पा तुझा, रात्री उशीर झाला तर चावी कोणाकडे. विचारताना लाज वाटेल, पण ती पाच मिनिटांची.

पैशांचंही सांगते. "आत्या, महिन्याला इतके देतो" म्हणालास की ती "वेडा आहेस का" म्हणेल. तीनदा म्हणेल, आणि तू गप्प बसशील, कारण तुला तेच हवं असेल. असं करू नकोस. घरातलं एक बिल आपल्या अंगावर घे. विजेचं घे, किंवा दर आठवड्याचं सामान भर. रोख पैसे पाहुणा देतो असं वाटतं म्हणून नको म्हणतात. तांदळाची पिशवी आणून ओट्यावर ठेवली तर कोणी परत नेऊन दे म्हणत नाही. आणि तीन महिने झाले की ऊठ. आपल्याकडे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत मुंडकार एकदा घर करून बसला की त्याला हलवता येत नाही, तसा ठाण मांडून राहू नकोस.

आता आत्याकडून कुठली मदत हक्काने घ्यायची ते. ती तुला फिरवायला नेईल, बेलेंचा मनोरा दाखवेल, ते राहू दे. तिला जुंता द फ्रेगेझियात घेऊन जा. आपल्या पंचायतीसारखी ती, वॉर्डाची कचेरी. तिथून राहण्याचा दाखला मिळतो, जो इथे आपण मामलेदाराकडे मागतो. बऱ्याच जुंतांमध्ये त्या वॉर्डातल्या दोन मतदारांनी "हा इथे राहतो" अशी सही दिली की काम होतं. आत्या आणि तिचे यजमान, झाले दोन. परक्या मुलाला त्या दोन सह्यांसाठी आठवडे फिरावं लागतं. तुझं काम घटकाभरात होईल. नातेवाईक असण्याचा खरा फायदा हा.

बाकी कागदांत फिनान्सशचा, म्हणजे करखात्याचा, नऊ आकडी नंबर, नीफ, तो पाठ कर. सुपरमार्केटात केळी घेतलीस तरी बाई विचारेल, "कोंत्रिब्युइंत?" म्हणजे बिलावर तो नंबर घालू का. नोकरीसाठी सामाजिक सुरक्षेचा अकरा आकडी नंबर, आणि सरकारी दवाखान्यासाठी उतेंत नंबर. ताप आला तर उगाच इस्पितळात धावू नकोस, 808 24 24 24 ला फोन कर, ते कुठे जायचं सांगतात. जीवावरचं असेल तर 112.

आणि पत्रं. तुझ्या ओळखपत्राच्या पत्त्याची खात्री करणारं पत्र टपालानेच येतं. तिथे फ्लॅटला नंबर नसतो. "दुसरा मजला, डावीकडे" असा पत्ता असतो. डावी म्हणजे जिना चढून वर गेल्यावर येणारी डावी. माझं पहिलं सरकारी पत्र महिनाभर उजवीकडच्या म्हाताऱ्याच्या मेजावर पडून होतं. तेव्हा तुझ्या नावाची पत्रं येतील हे आत्याला सांग, आणि समोरच्या दारावरही जाऊन नमस्कार करून ये.

हे सगळं झालं तरी एक गोष्ट ध्यानात ठेव. माणसांच्या बाबतीत आत्याचं ऐक, नियमांच्या बाबतीत नको. कुठला घरमालक पैसे बुडवतो, कुठल्या हॉटेलात पगार वेळेवर होतो, हे तिला जितकं कळतं तितकं कुठल्याही कचेरीला कळत नाही. पण आपली माणसं ज्या वर्षी तिथे उतरतात, त्या वर्षाचे नियम मनात धरून बसतात. माझा मामा युरो येऊन दहा वर्षं झाली तरी घराची किंमत "कोंत"मध्ये सांगायचा. एक कोंत म्हणजे हजार एश्कुद, साधारण पाच युरो. ते गमतीचं होतं. पण गेल्या वर्षी फोंड्याचा एक मुलगा माझ्याकडे आला. काकाने त्याला सांगितलं होतं, बायकोच्या कागदांसाठी "सेफ"मध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या खात्यात, जा. ते खातंच ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झालं आणि त्या कामासाठी आयमा आली. दुसऱ्याला सांगितलं होतं, वर्षभर लिस्बनला काढ, मग इंग्लंडातलं स्विंडन आहेच. तो दरवाजा 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला. पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात जाऊन कामाला लागायचे दिवस गेले, आता व्हिसा लागतो. हे काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यातलं शहर जुनं होतं, इतकंच.

हाच नियम त्या दुसऱ्या गोष्टीलाही लाव. तुमच्याकडे कुणीतरी म्हणालं म्हणे, "भारतीय पासपोर्टही ठेव, कोणाला कळतंय." तुझ्या पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांचा 1961 पूर्वीचा, पोर्तुगीज अमदानीतला जन्मदाखला पुराभिलेख खात्यातून काढून, त्यावरचं "पोरोब" आणि तुझ्या आधारवरचं "परब" एकच हे सिद्ध करता करता तुझ्या बाबांचे केस पिकले. ते सगळं या एका वाक्याने पाण्यात घालू नकोस. 1955 च्या नागरिकत्व कायद्याने, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. जुना पासपोर्ट रीतसर जमा कर, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डाचा अर्ज कर. त्या कार्डावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमचं कुळागर वारशाने तुझ्याकडे येईल, ते वेगळं; पण शेजारचा तुकडा घ्यायचं बाबांच्या मनात असेल तर आत्ताच कोणाच्या नावावर ते ठरवा. बाबांना हे तू सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, बाई पोराला अडवतेय.

कामाचं थोडक्यात. तिथे नोकरदाराला वर्षाला 14 पगार मिळतात. सुट्टीचा एक, नाताळचा एक. 2025 साली किमान वेतन महिना 870 युरो होतं, आणि लिस्बनमध्ये खोलीचं भाडं त्यातला मोठा लचका तोडतं. म्हणून ते दोन जास्तीचे पगार सोडायचे नाहीत. "रेसीबुश वेर्देशवर काम कर, सोपं पडतं" असं कोणी म्हणालं तर समज की सोपं त्याला पडतं. त्या हिरव्या पावत्यांवर तू कागदोपत्री स्वतंत्र धंदेवाला होतोस. रजा नाही, चौदावा पगार नाही, विम्याचा हप्ताही तूच भरायचा. मी दोन वर्षं पहाटेच्या गाडीने कचेऱ्या झाडायला जायचे, ती त्याच पावत्यांवर. नाताळात बाकीच्या बायकांच्या हातात जास्तीचा पगार पाहिला तेव्हा डोळे उघडले.

खोली घेताना करार लेखी घे आणि मालकाने तो फिनान्सशमध्ये नोंदवलाय का ते बघ. तो फियादोर मागेल, म्हणजे जामीन. इथे आत्याच्या यजमानांचं नाव पटकन पुढे करू नकोस. तू भाडं चुकवलंस तर मालक त्यांच्या दाराशी जातो. त्यांनी आपणहून म्हटलं तरच.

भाषेचं फार मनावर घेऊ नकोस. माझ्याकडे सहा महिने पोर्तुगीज शिकलास, शिवाय अर्धी भाषा तू घरातून आणली आहेस. आजी खिडकीला जनेल म्हणते, तिथे जानेला. बालदी बाल्द, तुवालो तोआल्या, चावी शाव्ह. पगार हा शब्द तर सगळ्या महाराष्ट्राने त्यांच्याकडून उचललाय. त्यांच्यात त्याचा अर्थ पैसे देणं. फक्त ते लोक स्वर गिळतात, त्याला कान बसायला डिसेंबर उजाडेल.

डिसेंबरवरून आठवलं. लिस्बनला थंडी नसते असं सगळे सांगतात. रस्त्यावर नसते, घरात असते. बहुतेक घरांना हिटर नाही, भिंतींना ओल येते, कपाटातल्या जोड्यांवर बुरशी. तू आषाढात म्हार्दोळला वाढलास, तुला ओल नवी नाही. पण तिथला पाऊस थंडीतच येतो, आणि फुटपाथचे ते पांढरे गुळगुळीत दगड ओले झाले की शेवाळलेल्या विहिरीच्या काठासारखे होतात. जाड रबरी तळव्याचे बूट घे. लोकरीचा एक चांगला स्वेटर घे, तो घरात घालायला.

आता बॅग. आईला हे वाचून दाखव, नाहीतर ती ऐकणार नाही. युरोपात बाहेरून दुधाचं आणि मांसाचं काही नेता येत नाही. तेव्हा तूप नाही, पेढे नाहीत, आजीने खवा घालून केलेलं काही नाही. फळांना सरकारी आरोग्य दाखला लागतो, म्हणून मानकुराद आंबा नेता येत नाही, मग तो स्वतःच्या झाडाचा असो. पण नारळ, केळी आणि अननस चालतात. आणि मासळीला 20 किलोपर्यंत मोकळीक आहे! तेव्हा सुके बांगडे खुशाल घे, तीन पिशव्यांत एकात एक बांध, आणि स्वेटरच्या जवळ ठेवू नकोस. सोलं, म्हणजे आमसुलं, भरपूर घे. लिस्बनमधल्या मार्तीम मोनीजच्या दुकानांत डाळ-तांदूळ-मसाला सगळं मिळतं, पण आपल्या सोलांची चव नसते. तिथे कारापाव नावाचा मासा बाजारात स्वस्त मिळतो. बांगडा नव्हे, पण तिरफळं घालून हुमण केलंस तर घराची आठवण जरा कमी छळेल.

घरी फोन रोज करू नकोस, आठवड्यातून दोनदा कर. हिवाळ्यात इथलं घड्याळ साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. तू रात्री जेवून फोन लावशील तेव्हा आई झोपेतून उठेल आणि काहीतरी वाईट झालं असं समजेल. आणि आत्याबद्दल फोनवर आईकडे काही बोलू नकोस. चांगलंसुद्धा जपून. माझ्या टाकीच्या तीन टाक्या कशा झाल्या ते वर लिहिलंच आहे.

गुरुवारी संध्याकाळी येऊन एक पुडकं घेऊन जा, अर्धा किलो सोलं आणि थोडे काजू. माझी मामी अजून आमादोरातच असते, त्याच घरात. तिला नेऊन दे. लिस्बनच्या रोसियो स्टेशनाहून गाडी आहे, आमादोराला उतरून चालत दहा मिनिटं. ती तुला जेवल्याशिवाय सोडणार नाही, आल्याचा चहा तर नक्कीच करेल. सगळं घे. फक्त आंघोळ आत्याकडे करून जा.

तुझी,
बाई