शेजारच्या गॅलरीतून अंगण दिसू नये आणि पक्षी-फुलपाखरंही यावीत, तर कुंपणाला काय लावावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: पुण्याजवळचा प्लॉट, पश्चिमेची 60 फूट कड, पलीकडे दुमजली घराची गॅलरी, मुरमाड जमीन, लावायला 7 फुटांचा पट्टा, आणि नर्सरीवाला कोनोकार्पस घ्या म्हणतोय. तो घेऊ नका. वाढतो झपाट्याने, पण मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरतात आणि इथले किडे-पक्षी त्याच्याकडे फारसे फिरकत नाहीत. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

झाड ठरवण्याआधी उंची ठरवा. गॅलरीत उभ्या माणसाची नजर साधारण 15 फुटांवर असते, खुर्चीत बसलेल्या तुमची 4 फुटांवर. गॅलरी कुंपणापासून 30 फूट लांब असेल आणि तुम्ही कुंपणापासून 10 फूट आत बसत असाल, तर पावणेसात फुटांचा आडोसा पुरतो. 20 फूट आत बसलात तर साडेआठ फूट लागतो. म्हणजे बसायची जागा कुंपणाजवळ घेतली की काम सोपं होतं. 25-30 फुटी झाडांची भिंत उभारायची गरजच नाही. शिवाय शहरी हद्दीत मोठं झाड पुढे नकोसं झालं, तर महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी काढत बसावं लागतं. वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांना कितीही आवडले तरी भिंतीलगत अजिबात नकोत.

दुसरी चूक पानगळीची. गिरिपुष्प काडी खोचली की लागतं म्हणून लोक ओळीने लावतात, आणि नेमकं जानेवारी ते मार्च ते निष्पर्ण होतं. तुम्ही संध्याकाळी अंगणात बसायला लागता, तेव्हा आडोसा गायब! म्हणून मागची ओळ बारमाही हिरव्या झुडपांची हवी.

मी दोन ओळी धरेन. मागची ओळ भिंतीपासून अडीच फुटांवर, दोन रोपांत 4 फूट, म्हणजे 15 रोपं: कामिनी 5, अडुळसा 4, निर्गुडी 4, मेंदी 2. कामिनी दाट आणि कायम हिरवी, तिची लाल फळं बुलबुल खातात. पण ती सावकाश वाढते. अडुळसा आणि निर्गुडी दोन पावसाळ्यांत डोक्याच्या वर जातात, गुरं-शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत आणि दोन्हींवर मधमाश्या येतात. निर्गुडी पाण्यावाचून उन्हाळ्यात विरळ होते, म्हणून ती एकटी लावू नका. कामिनी भरली की निर्गुडी निम्म्यावर आणा.

पुढची ओळ त्यापासून आणखी अडीच फूट आत, मागच्या रोपांच्या फटींसमोर येईल अशी. इथे करवंद, धायटी, साधी एकेरी पाकळ्यांची जास्वंद, कढीपत्ता, आणि टोकाला एक कागदी लिंबू. धायटीची लाल फुलं फेब्रुवारीपासून येतात आणि सूर्यपक्षी त्यांवर तुटून पडतात. करवंदाच्या काटेरी जाळीत घरट्याला मांजरापासून संरक्षण मिळतं. शिंपी पक्ष्याला घरट्यासाठी शिवायला पान रुंद आणि लवचीक लागतं, मेंदीच्या बारीक पानांत त्याचं काम होत नाही. झुडपं मिसळून लावायची ती यासाठीही, आणि एका जातीवर कीड आली तरी सगळी ओळ बसत नाही.

लिंबू-कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल. नीट बघा, बोट लावलं की त्याच्या डोक्यामागून लालसर-नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. ती मॉर्मन फुलपाखरांची अळी. तिने चार फांद्या खाल्ल्या तर खाऊ द्या. फवारणी केलीत तर फुलपाखरं विसरा.

लागवड: मे महिन्यात दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे काढून उन्हात तापू द्या, मुरूम कडक असेल तर 2 फूट. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की पोयटा माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरा. कच्चं शेणखत घातलंत तर वाळवी आणि हुमणीला आमंत्रण. रोपं 2-3 फुटांचीच घ्या. सहा फुटी रोपाची मुळं पिशवीत गोल गुंडाळलेली असतात, ती तशीच राहिली तर झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाऱ्याने कलतं. अडुळसा, निर्गुडी, मेंदीची रोपं विकत घ्यायची गरज नाही: पेन्सिलीएवढ्या जाड, 8-9 इंची काड्या, दोन डोळे मातीत जातील अशा खोचा. करवंदाचं बी मात्र पिकल्या फळातून काढलं की लगेच पेरायचं, ठेवलेलं उगवत नाही.

रोप धरलं की दीड फुटावर शेंडा खुडा. इथेच बहुतेकांचा हात धजत नाही, मग खाली उघडे दांडे आणि वर छत्री. खालचा भाग वरच्यापेक्षा रुंद ठेवा, नाहीतर खालच्या फांद्या सावलीत मरतात. नंतरची छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, घरटी तपासून, आणि दर वर्षी निम्मीच ओळ. महिन्याला कात्री चालवून चौकोनी केलंत तर फुलं येणारे शेंडेच जातात.

पहिले दोन उन्हाळे दर तिसऱ्या दिवशी रोपामागे 6-8 लिटर पाणी, आळ्यात 3 इंच पालापाचोळा, खोडापासून चार बोटं लांब. पाचोळ्याने साप येतील म्हणून झाडून काढू नका. साप उंदरांमागे येतो, त्यामुळे उघडं धान्य आणि खरकटं आवरा.

झुडपं भरेपर्यंत भिंतीवर तारेची जाळी बांधून गोकर्ण सोडा, एका पावसाळ्यात झाकते. फक्त ती कामिनीवर चढू देऊ नका, पंधरा दिवसांनी वेल सोडवून परत जाळीवर घ्यावी लागते.