तान्ह्या पोळ्याचे बैल कापायला कोणती जिगसॉ?

वाचकांचे प्रश्न : लाकूडकाम

प्रश्न : माझे सासरे वाढई होते. ते गेल्यापासून त्यांचा रंधा, पटाश्या, गिरमिट सगळं छपरीत तसंच ठेवलेलं आहे. मी शिलाईकाम करते, पण तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल करून विकते. आता मागणी वाढली आणि हातकरवतीनं पोट, पाय, शिंगं काढता काढता खांदा भरून येतो. म्हणून जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या अरुंद पात्याची विजेची करवत) घ्यायची आहे. दुकानात तीन दाखवल्या : बॉश जीएसटी ६५०, मकिता ४३२९ आणि बॉश जीएसटी ९० बीई. आठवडी बाजारात एक बिननावाची मशीन निम्म्याहून कमी भावात मिळते. दुकानदार म्हणतो, जास्त वॅटची घ्या. माझा बैल सव्वादोन इंच जाड असतो. लाकूड कधी सागाचं, कधी शिवणीचं. कोणती घेऊ?
– एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : ताई, पहिले वॅटचं सोडून द्या. बॉशचीच जीएसटी ८००० ई ही मशीन ७१० वॅटची आहे आणि लाकडात ८० मिलिमीटर कापते. जीएसटी ९० बीई ६५० वॅटची, पण कापते ९० मिलिमीटर. वॅट म्हणजे मोटर वीज किती ओढते. त्यातलं पात्यापर्यंत किती पोचतं, हे आतल्या दांड्यावर आणि गिअरवर असतं. बॉशच्या या नावांतच खोली लपलेली आहे : ६५० म्हणजे ६५ मिलिमीटर, ९० म्हणजे ९०. मकिता ४३२९ सुद्धा ४५० वॅटची, ६५ मिलिमीटरवाली.

आता तुमचा सव्वादोन इंची बैल म्हणजे ५७ मिलिमीटर. तुम्ही म्हणाल, ६५ मध्ये तर बसतो. खोक्यावर बसतो, लाकडात बसत नाही. जिगसॉचं पातं वरून एकाच टोकाला धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं. जाड लाकडात वळण घेताना ते मोकळं टोक आपल्या मनानं बाजूला सरकतं. वरून तुम्हाला पेन्सिलच्या रेघेवरच कापलेलं दिसतं आणि पलटवून पाहाल तर खालच्या बाजूचा पाय अर्धा सूत आत नाहीतर बाहेर. सागात उभे-आडवे कडक-मऊ पट्टे असतात, तिथं तर हमखास. ९० बीई घेतली तरी हे पुरतं सुटत नाही, फक्त कमी होतं.

तुम्हाला शिलाई मशीन रोजची आहे म्हणून एक सांगतो. जिगसॉ जन्मली तीच शिलाई मशीनवरून. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान या माणसानं बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथं करवतीचं पातं बसवलं. त्या कंपनीनं पुढच्याच वर्षी ‘लेस्टो’ नावानं यंत्र बाजारात आणलं. नंतर ती कंपनी बॉशकडे गेली. तर वरखाली जाणाऱ्या सुईखालून कापड वळवताना तुम्ही घाई केली की सुई वाकते आणि टाका सरकतो, तेच इथं होतं. फरक एवढाच की तुमच्या सुईला खाली प्लेटच्या भोकाचा आधार आहे, जिगसॉच्या पात्याला तोही नाही.

म्हणून माझं म्हणणं, मशीन बदलण्याआधी बैल करायची रीत बदला. अख्खा ठोकळा कापूच नका. १८ मिलिमीटरच्या तीन फळ्या घ्या, तीन जोडल्या की ५४ मिलिमीटर होतात, तुमची जाडी जवळपास तीच. दोन बाहेरच्या फळ्यांवर धड आणि पाय काढा, मधल्या फळीवर फक्त धड, मान, डोकं आणि शेपटी. मधल्या फळीला पायच नाहीत, त्यामुळे डाव्या-उजव्या पायांमधली जागा आपोआप मोकळी राहते. हीच जागा तुम्ही आतापर्यंत पटाशीनं कोरून काढत असाल.

यात रेषांकडे लक्ष द्या. बाहेरच्या फळ्यांत लाकडाच्या रेषा पायाच्या दिशेनं उभ्या ठेवा. आडव्या रेषेचा पाय पोरानं एकदा पायरीवरून ओढला की मोडलाच. मधल्या फळीत रेषा धडाच्या लांबीत आडव्या ठेवा, म्हणजे मानेला आणि शेपटीला ताकद येते. शिंगं या फळीतून काढूच नका. वेगळी छिलून, भोक पाडून, खुंटीनं बसवा. शिंग मोडलं तर बैल फेकावा लागत नाही, नवं शिंग बसवता येतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षीही तुमच्याकडेच येतं.

कापताना थेट रेघेवर सुटू नका. पायांच्या मध्ये पोटाखाली जिथं गोल कोपरा आहे, तिथं आधी ड्रिलनं १० किंवा १२ मिलिमीटरचं भोक पाडा. मग खालून सरळ दोन काप देऊन त्या भोकात आणून सोडा. मधला तुकडा गळून पडतो आणि कोपरा भोकानंच गोल करून ठेवलेला असतो. मानेखालच्या पोळीच्या (लोंबत्या कातडीच्या) वळणाला बाहेरून थोड्या थोड्या अंतरावर सरळ काप देत जा, म्हणजे वळताना टाकाऊ चिपा सुटत जातात आणि पात्याला मागं फिरायला जागा मिळते. वशिंडाचा वरचा उंचवटा मात्र एका दमात कापा. तिथं थांबलं की खाच पडते आणि ती पॉलिश पेपरनं जाता जात नाही.

अशा १८ मिलिमीटरच्या फळीला तुम्ही दुकानात पाहिलेल्या तिन्ही मशीन पुरतात. मी मकिता ४३२९ घेईन. तिची पात्याची चाल, म्हणजे पातं वरखाली जातं ते अंतर, १८ मिलिमीटर, वेग मिनिटाला ५०० पासून ३१०० पर्यंत चाकानं बदलता येतो, आणि पातं नुसतं सरळ चालवायचं की पुढंमागं झुलवायचं, हे खटक्यानं ठरवता येतं, झुलवण्याच्या तीन पायऱ्या आहेत. तुम्हाला हा झुला बहुतेक शून्यावर किंवा एकवर ठेवायचा आहे. झुला वाढवला की काप पटकन होतो, पण वळण खडबडीत येतं आणि सागाच्या वरच्या कडेला कुसळं उठतात. एक गैरसोय आहे, पातं बदलायला षटकोनी चावी लागते. चावी मशीनच्या वायरलाच रबरानं बांधून ठेवा, नाहीतर भुश्यात हरवली की दिवसभर शोधत बसाल. जीएसटी ६५० मध्ये वेगाचं चाक आणि झुल्याचा खटका दोन्ही आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

९० बीई कधी? तिची चाल २६ मिलिमीटर आहे. जाड लाकडात पात्याचा दात भुसा जेवढा वर आणतो तेवढाच बाहेर पडतो. चाल लहान असली की भुसा दातांतच दाबून बसतो, पातं तापतं, कड काळी पडते. चाल मोठी असली की भुसा बाहेर येतो. पुढं तुम्ही पाटाचे पाय, चौरंग, खाटेचे माचे असं दीड-दोन इंची लाकूड रोजच कापणार असाल तर ९० बीई घ्या, तिचं पातं बिनचावीचं निघतं हेही सोयीचं. आज बैलांसाठी एवढा खर्च मला पटत नाही.

बाजारातली बिननावाची मशीन घेऊ नका. कंपनीच्या नावाचं मला काही नाही, पण तिची बेसप्लेट, म्हणजे फळीवर टेकते ती खालची प्लेट, पातळ पत्र्याची असते. एकदा फळीवरून पडली की वाकते आणि मग गुण्यात (काटकोनात) काप येणंच बंद. शिवाय मोटरचे कार्बन (ब्रश) झिजले की त्या मापाचे कार्बन मिळायचे कुठं? दुकानातल्या कंपनीच्या मशीनलाही हाच प्रश्न विचारा : कार्बन आणि पात्यामागचा छोटा रोलर वर्ध्याला किंवा नागपूरला मिळतो का? ‘मागवून देतो’ म्हणणारा आणि खणातून काढून दाखवणारा, यात फरक आहे.

दुकानात जाताना पिशवीत आपल्या छपरीतला एक तुकडा आणि गुण्या घेऊन जा. मशीन बंद असताना पात्याचा दांडा चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा. नवीन मशीनमध्येही थोडा खेळ असतो, पण खडखड वाटली तर दुसरा नग मागा. मग तुकड्यावर एक वळण कापा आणि वरखाली गुण्या लावून पाहा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्या.

उरलेले पैसे पात्यांत घाला. टी आकाराच्या शेपटीचं पातं घ्यायचं, जुनं भोकाचं नाही. सरळ आणि भराभर कापायला टी १४४ डी. बैलाच्या पोटाच्या आणि पाठीच्या वळणांना टी २४४ डी, ते अरुंद असल्यानं वळतं, कड जरा खरबरीत येते पण तुम्ही घासणारच आहात. कानांना, पातळ लाकडाला टी १०१ एओ, बारीक दाताचं. सागात सिलिका असतो, वाळूच म्हणा ना, म्हणून सागावर पाती लवकर मरतात. धार गेली की मशीन दाबावीशी वाटते आणि दाबली की पातं तिरकं पळतं. हाताला जोर लावावासा वाटला की पातं बदला. शिवण मऊ आणि हलकी, खेळण्याला उत्तम, तिच्यावर तेच पातं किती तरी जास्त चालतं. पोरांच्या हातातल्या बैलाला मी शिवणच वापरीन, साग शोकेसच्या बैलाला.

आणखी दोन शिकंजे (क्लॅम्प) घ्या. एक हात मशीनवर आणि दुसऱ्यानं फळी धरून कापायचं नाही. पातं फळीच्या खाली तेवढंच बाहेर असतं आणि खालचं बोट तुम्हाला दिसत नाही. पदर खोचून घ्या, चष्मा लावा, सागाच्या भुश्यानं नाक चुरचुरतं म्हणून तोंडाला फडकं बांधा.

विजेचं शेवटचं. गावात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा मशीनचा जोर उतरतो आणि मोटर तापते. पंपांची पाळी संपल्यावरच कापत बसा. छपरीपर्यंत बारीक वायर ओढू नका, १.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घ्या. आणि फळ्या कापून, डिंक लावून, शिकंज्यात धरून ठेवण्याचं काम पावसाआधीच उरका. पोळा श्रावणाच्या अमावस्येला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. ऐन श्रावणात लाकूड ओल धरतं, फुगतं आणि दिवाळीत सुकून जोड उघडतो. रंग मात्र पावसात दिला तरी चालतो, उघडीप पाहून.

सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात माणसापेक्षा उंच नंदी फिरतात. ते जिगसॉचं काम नाही, तसली मागणी आली तर बँड सॉवाल्याकडे (अखंड फिरत्या पट्टीची मोठी करवत असते त्याच्याकडे) जाऊन कापून घ्या. दारोदार बोजारा (बैल दाखवून मिळणारे पैसे-खाऊ) मागणाऱ्या पोरांचे बैल तुमचे.

प्रश्न : आमच्याकडे वीज सारखी जाते. जिगसॉ बॅटरीवरची घ्यावी का?
– एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, तुमच्याकडे त्याच कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल आधीपासून असेल तर घ्या, कारण बॅटरी आणि चार्जर तोच चालतो आणि नुसती मशीन स्वस्त पडते. नसेल तर दोन बॅटऱ्या आणि चार्जरचा खर्च मशीनपेक्षा जड जातो. जिगसॉ सतत चालते, ड्रिलसारखी थांबून थांबून नाही, म्हणून एका बॅटरीवर काम होत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली बॅटरी इतकी तापते की चार्जर ती घेतच नाही, नुसता दिवा चमकवत राहतो. ती खराब झालेली नसते. घरात, माठाजवळच्या थंड जागेत अर्धा तास ठेवून मग लावा. बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवायची नाही.

प्रश्न : सनमायका लावलेलं प्लायवूड जिगसॉनं कापलं की कडेला चिपा उडतात.
– एक वाचक, अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : जिगसॉ वर येताना कापते, म्हणून फुटतं ते वरचं अंग. सनमायका खाली करून मागच्या बाजूनं आखा आणि कापा, झुला शून्यावर. सनमायका वरच ठेवणं भाग असेल, जसं सिंकसाठी ओट्यावर भोक पाडताना, तर टी १०१ बीआर हे उलट्या दाताचं पातं लावा. ते मशीनला वर ढकलतं, म्हणून बेसप्लेट दाबून धरा. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावरच आखलं तर आणखी बरं.