एसीचे वाढीव बिल तिघींनी का भरावे?

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात कर्वेनगरला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. भाडे २७,००० रुपये असून प्रत्येकी ९,००० रुपये भरतो. मी आणि एक मैत्रीण एका खोलीत राहतो; तिसरीला स्वतंत्र खोली आणि जोडून बाथरूम आहे. उन्हाळ्यात तिने एसी बसवून घेतला आणि ती घरूनच काम करत असल्याने तो दिवसाही चालू असतो. मार्चमध्ये १५० युनिट असलेला वापर मेमध्ये ४१० युनिटवर गेला, तरी बिल तिघींत समान वाटले गेले. मी डबा लावला आहे. तरीही किराणा आणि स्वयंपाकाच्या मावशींच्या पगाराचा तिसरा हिस्सा मीच देते. विषय काढला की ‘मैत्रीत कसला हिशेब?’ असे ऐकावे लागते. योग्य वाटणी कशी करावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. समान वाटणी सोपी असते, पण ज्या गोष्टीचा वापर तिघींकडून सारखा होतो, त्याच खर्चाला ती लावावी. इंटरनेट, केर-फरशी करणाऱ्या मावशींचा पगार, सोसायटी तुमच्याकडून काही घेत असेल तर ते, हे खर्च तिघींत समान असावेत. कोणी पंधरा दिवस गावी गेली म्हणून त्यातला तिचा वाटा कमी होऊ नये.

विजेचे बिल मात्र नीट उलगडून पाहायला हवे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे : पहिली १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढील वापर, असे टप्पे असून पुढच्या प्रत्येक टप्प्याचा दर चढा असतो. म्हणून एकूण बिलाला ४१० ने भागून सरासरी दर काढला आणि तो एसीच्या युनिटना लावला, तर हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण महागड्या टप्प्यांचा भार तुम्हा दोघींवरही पडतो. त्याऐवजी एसी नसता तर वापर किती झाला असता, ते आधी ठरवा. मार्चची १५० युनिट धरा आणि उन्हाळ्यात पंखे अधिक चालतात, हेही प्रामाणिकपणे मोजा. ७५ वॅटचा पंखा रोज आठ तास जास्त चालला, तर महिन्याला १८ युनिट वाढतात. फ्रिजसह अशी ४० युनिट वाढली असे मानले, तर १९० युनिट तिघींची. बिलावर छापलेल्या दरांनी या १९० युनिटची रक्कम काढा, तिच्यात स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क धरा आणि तिचे तीन भाग करा. उरलेली सगळी रक्कम एसी वापरणारीची. एसीच्या सॉकेटला सोसेल असा छोटा मीटर बसवला, तर पुढच्या उन्हाळ्यात अंदाजही करावा लागणार नाही.

भाड्याबाबत मी थोडी वेगळी कसोटी सुचवेन. स्वतंत्र खोलीचे ११,००० आणि तुम्हा दोघींचे प्रत्येकी ८,००० अशी वाटणी समोर ठेवा आणि मग तिघींनी एकमेकींना विचारा की, या भाड्यात खोली बदलायला कोण तयार आहे? तुम्ही दोघीही ती खोली घ्यायला तयार असाल, तर ११,००० कमी आहेत. ती स्वतःच ती सोडायला निघाली, तर जास्त आहेत. हजार-पाचशेने आकडा वरखाली करत सगळ्यांना पटेल तेथे थांबा.

डब्याच्या प्रश्नात फार गुंता नाही. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि भाजी-धान्य जेवणाऱ्या दोघींनी भरावे. चहा, दूध, साखर आणि साबण यांत तुमचा वाटा राहीलच. गॅस तुम्ही फक्त चहापुरता वापरत असाल, तर सिलिंडरमागे एक छोटी ठरावीक रक्कम द्या. त्याचा काटेकोर हिशेब करत बसू नये, असे माझे मत आहे.

जे ठरेल ते एका कागदावर लिहून तिघींनी सह्या कराव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार मालकाबरोबरचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, पण त्यात सहसा एकूण भाडेच असते. तुमचे आपसातले वाटे त्यात नसतात. अनामत रकमेत कोणी किती भरले, हेही त्याच कागदावर नोंदवा, कारण एखादी मध्येच सोडून गेली की सर्वांत आधी वाद तिथेच होतो.

‘मैत्रीत कसला हिशेब’ हे वाक्य ज्याला समान वाटणी सोयीची असते, त्याच्या तोंडी लवकर येते. तरीही तुमची मैत्रीण मुद्दाम अन्याय करते आहे, असे धरून बोलू नका; टप्प्यांचा दर कसा चढतो, हे तिला ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे. मार्च आणि मेची बिले शेजारी ठेवून एखाद्या रविवारी शांतपणे बसा. मागच्या महिन्यांच्या भाड्यातला फरक मागू नका, कारण ती वाटणी तुम्हीही मान्य केली होती. मेच्या बिलातील फरक मात्र अवश्य मागा, आणि भाड्याची नवी वाटणी पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू करा.